सोमवारची पहिली चढाई

वाचकाचं पत्र

आदरणीय बाई,

मी अडतीस वर्षांचा आहे. मांजलपूरला राहतो आणि मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका कंपनीत डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करण्याचं काम सांभाळतो. घरी आई, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. काम वाईट नाही, पगार वेळेवर होतो. पण रविवारी संध्याकाळचे पाच वाजले की पोटात गोळा येतो. चहा गोड लागत नाही. कुणी साधं काही विचारलं तरी मी खेकसतो. परवा मुलीने विचारलं, "बाबा, तुम्ही रविवारी संध्याकाळीच माझ्यावर का रागावता?" तेव्हापासून मनाला लागून राहिलं आहे.

आमच्या साहेबांना खेळाची भारी आवड. सोमवारी साडेनऊच्या मीटिंगला ते आधी पडद्यावर एखाद्या सामन्याची क्लिप लावतात. गेल्या महिन्यात जेमिमा रॉड्रिग्जची महिला क्रिकेट विश्वचषकाच्या सेमीफायनलची खेळी दाखवली. अंगावर काटा आला, खोटं सांगत नाही. पण त्यानंतर लगेच गेल्या आठवड्याच्या चुका वाचल्या जातात. कुणाची गाडी उशिरा सुटली, कुणाचं ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा कागद, चुकलं. जागेवर परत येईपर्यंत सगळा जोश उतरलेला असतो. मग अकरा वाजेपर्यंत मी नुसते मेल उघडतो आणि बंद करतो. मंगळवारी दुपारनंतर कुठे गाडी रुळावर येते.

कॉलेजात असताना मी पोलो ग्राउंडवर टेनिस बॉलने खेळायचो. रविवारी पहाटे साडेपाचला कुणी न उठवता जाग यायची. तो मी कुठे गेलो? मोबाइलवर खेळाडूंची भाषणं ऐकून झाली, आरशाजवळ वाक्यं चिकटवून झाली, पहाटे पाचला उठायचा नेम केला, तो तीन दिवस टिकला. खेळाडूंसारखी उमेद सोमवारी सकाळी आणायची तरी कशी?

— एक वाचक, बडोदे

उत्तर

तुमच्या मुलीचा प्रश्न तुम्ही झाकून ठेवला नाहीत, पत्रात लिहिलात, हे फार बरं केलंत. तिच्याकडे मी शेवटी येते. आधी मैदानावर जाऊ. तुम्ही खेळाडूंचं विचारलं आहे आणि त्यातलं थोडं मला ठाऊक आहे. तीस वर्षं मी शाळेत खेळ शिकवला आणि त्याआधी आठ-नऊ वर्षं याच गावात कबड्डी खेळले.

आमच्या संघाची पहिली चढाई बहुतेक वेळा माझ्या वाट्याला यायची. संघात माझ्याहून चपळ मुली होत्या, गुण आणणाऱ्या होत्या. तरी सर मलाच पाठवायचे. संध्याकाळची वेळ, पाणी मारून दाबलेलं मातीचं मैदान, त्यावर चुन्याच्या ताज्या रेघा. शिट्टीच्या आधी माझे तळहात घामाने इतके ओले व्हायचे की मी ते दोन-दोनदा मातीत घासायचे. पोटात तुम्ही म्हणता तसाच गोळा. सर जवळ येऊन हळू आवाजात एवढंच सांगायचे, "गुण नको. रेघ ओलांड आणि परत ये."

ही रेघ म्हणजे निदान रेषा. कबड्डी न खेळलेल्या वाचकांसाठी सांगते. मध्यरेषेपासून ती मुलींच्या मैदानात ३ मीटरवर असते, पुरुषांच्या मैदानात पावणेचार मीटरवर. चढाईला गेलेल्याने कुणाला स्पर्श केला नाही तरी चालतं, पण निदान रेषा ओलांडल्याशिवाय परत आला तर तो बाद. रेषा ओलांडून सुखरूप परत आला तर गुण मिळत नाही आणि तो बादही होत नाही. रिकामी चढाई. पाहणाऱ्याला वाटतं, काहीच झालं नाही.

खरं तर पुष्कळ झालेलं असतं. "कबड्डी कबड्डी" म्हणत मी मध्यरेषा ओलांडायचे तेव्हा पहिली चार-पाच पावलं समोरचं नीट दिसायचं नाही, कानात नुसती धडधड. रेघेपलीकडे पाय टेकायचा, परत फिरताना टाच किंवा अंगठा चुन्यावरून घासायचा आणि मी आमच्या अंगणात येऊन उभी राहायचे. खाली बघितलं की अंगठा पांढरा झालेला दिसायचा. त्या क्षणी कान उघडायचे. बाहेर एवढा आरडाओरडा चालला आहे हे मला तेव्हा कळायचं. समोरची कोपऱ्यातली मुलगी उजवीकडे झुकून उभी आहे, तिच्या शेजारचीचा हात सैल आहे, हेही तेव्हाच दिसायला लागायचं. दुसऱ्या चढाईला मी वेगळीच असायचे.

एवढ्या वर्षांत शिट्टीच्या आधी अंगात भरपूर उमेद घेऊन उभी राहिलेली मुलगी मी क्वचित पाहिली. उमेद यायची ती अंगठ्याला चुना लागल्यावर. तुम्ही नेमकं उलटं करायला बघता आहात. आधी जोश गोळा करायचा आणि मग कामाला हात घालायचा. भाषणं, वाक्यं, पाचचा गजर, सगळी तीच धडपड. जोश आला नाही की वाटतं आपल्यातच खोट आहे. खोट तुमच्यात नाही, क्रमात आहे.

आता तुमच्या साहेबांच्या क्लिपबद्दल. त्यांचा हेतू चांगला आहे आणि निवडही उत्तम. ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियासमोर ३३९ धावांचा पाठलाग करताना जेमिमाने नाबाद १२७ केल्या. मीही ती खेळी रात्री जागून पाहिली, डोळे पुसत पाहिली. पण सामना संपल्यावर ती काय बोलली तेही ऐकायला हवं. त्या सगळ्या दौऱ्यात जवळजवळ रोज रडत होते, मन ठिकाणावर नव्हतं, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. त्याच स्पर्धेत इंग्लंडविरुद्ध इंदूरला झालेल्या सामन्यात तिला बाहेर बसवलं होतं. म्हणजे ज्या मुलीचा शेवटचा अर्धा तास बघून तुमच्या अंगावर काटा आला, तिने त्याआधीचे कितीतरी दिवस तुमच्या सोमवारसारखेच काढले होते. मन जागेवर नसताना ती सरावाला जात राहिली, पॅड बांधत राहिली. क्लिपमध्ये तेवढंच येत नाही. सामन्याचा शेवट दाखवून सामन्याची सुरुवात कशी होणार? ती क्लिप शनिवारी संध्याकाळी दाखवा म्हणावं, आठवडाभर राबलेल्या माणसांना ती जास्त कळेल.

सुरुवात बघायची असेल तर आपल्या बडोद्याकडेच बघा ना. विजय हजारे मूळचे सांगलीचे, पण क्रिकेटने त्यांना बडोद्याचं केलं. मार्च १९४७ मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकरांच्या संघाविरुद्ध हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. जगभरच्या प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये कुठल्याही गड्यासाठी त्याहून मोठी भागीदारी व्हायला २००६ साल उजाडावं लागलं. ५७७ हा आकडा आपल्या गावातली जुनी माणसं अजून अभिमानाने सांगतात. मला त्यातला दुसराच आकडा आवडतो. ती जोडी जमली तेव्हा धावफलकावर ३ बाद ९१ होते. ३ बाद ९१ ला जो फलंदाज आत येतो त्याच्या मनात ५७७ नसतात. त्याच्या मनात पुढचा चेंडू असतो, तो सोडायचा की अडवायचा एवढंच.

त्यानंतर दहा महिन्यांनी, जानेवारी १९४८ मध्ये, ॲडलेडला याच हजाऱ्यांनी ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतकं केली, ११६ आणि १४५. असं करणारे ते पहिले भारतीय. समोर लिंडवॉल आणि मिलर हे वेगवान गोलंदाज होते. ऑस्ट्रेलियाने ६७४ केल्या होत्या, आपल्यावर फॉलोऑन आला होता, सामना हातातून गेलेला होता आणि शेवटी आपण तो डावाने हरलोच. दुसऱ्या डावातल्या आपल्या २७७ धावांपैकी १४५ एकट्या हजाऱ्यांच्या. पहिल्या डावात शतक करून, थकून आलेल्या माणसाला पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची होती आणि तीही हरत असलेल्या सामन्यात. मुलींना हे सांगताना माझा आवाज दर वेळी थोडा भरून यायचा. पुन्हा शून्यापासून, पुन्हा गार्ड घेऊन. तुमचा सोमवार म्हणजे तेच आहे. शनिवारी तुम्ही कितीही गाड्या काढल्या असोत, सोमवारी फलकावर शून्य असतं. त्या शून्याचीच तुम्हाला धास्ती वाटते, असं तुमच्या पत्रावरून मला वाटलं.

आणि तुम्हाला नोकरीवाला खेळाडू हवा असेल तर अंशुमान गायकवाड आठवा. जुने कसोटीपटू दत्ताजीरावांचा मुलगा, बडोद्याचा आणि स्वतःही कसोटीपटू. १९८३ मध्ये जालंधरला पाकिस्तानविरुद्ध २०१ धावा करायला ते ६७१ मिनिटं उभे होते, म्हणजे अकरा तासांहून जास्त. इथल्याच खत कंपनीत त्यांनी नोकरीही केली. अकरा तास जोशात कुणीही उभं राहू शकत नाही. जोश दहा मिनिटांचा असतो, जागेवर परत येईपर्यंत तो उतरतो हे तुम्हीच लिहिलं आहे.

आता तुमच्या पोलो ग्राउंडकडे येते. पत्रातला तो भाग वाचताना मी थांबले. तुम्ही विचारता, तो मी कुठे गेलो. मला विचाराल तर तुम्ही कुठेही गेलेला नाही. साडेपाचला तुम्ही उठायचात कारण मैदानावर दहा पोरं तुमची वाट बघत असायची. कुणाकडे बॅट, कुणाकडे स्टंप, बॉल आणायची पाळी तुमची. तुम्ही गेला नाहीत तर खेळ थांबायचा. सोमवारी सकाळी तुमची अशी कोण वाट बघतं? मेल. मेल माणसाची वाट बघत नाहीत, ते नुसते साठतात.

नवरात्रात बघा. आपलं अख्खं गाव रात्री बारा-साडेबारापर्यंत गरबा खेळतं, घरी येऊन पाय शेकतं आणि सकाळी पुन्हा कामावर हजर. नवरात्रातला सोमवार कुणाला जड गेल्याचं मी फारसं ऐकलेलं नाही. झोप कमी, पाय सुजलेले, तरी माणसं हसत येतात. रात्री घोळक्यातली माणसं परत भेटणार असतात, हे त्यामागे आहेच. आणि गरबा काही पहिल्या टाळीपासून धावत नाही. सुरुवातीला चाल संथ असते, दोन-तीन फेऱ्या नुसत्या पायाला पाय मिळवण्यात जातात, मग केव्हा वेग वाढला ते कुणालाच कळत नाही. जो मधूनच वेगात शिरायला जातो त्याचाच पाय चुकतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं. सोमवारी मेल उघडायच्या आधी एक चढाई करा, आणि ती पायांनी करा. तुमच्या कामात हे सोपं आहे, तुमच्या हाताखाली गोदाम आहे. पावणेनऊला पोहोचा. सरळ पॅकिंगच्या जागेवर जा. तिथला फोरमन किंवा लोडिंगचा मुकादम, जो कुणी तुमचा माणूस असेल त्याच्याबरोबर उभ्याने चहा घ्या आणि दिवसाच्या पहिल्या गाडीचा माल डोळ्यांनी बघा. पेट्या मोजा, लेबलवर हात फिरवा, मालाच्या चलानाशी ताडून घ्या. गाडी त्या क्षणी सुटली पाहिजे असं नाही. माल तयार आहे एवढं कागदावर सही करून पक्कं करा. ही तुमची निदान रेषा. त्या पंधरा मिनिटांत कुणाला काही जिंकून दाखवायचं नाही. मात्र त्या मुकादमाला सांगून ठेवा की सोमवारी पावणेनऊचा चहा तुमच्याबरोबर. तो वाट बघेल. तुम्हाला जायलाच लागेल.

ही पहिली गाडी कुठली हे मात्र सोमवारी ठरवू नका. शनिवारी निघताना ठरवा आणि एका चिठ्ठीवर लिहा. गाडी कुठली, माल कुठला, पहिला फोन कुणाला. तीनच ओळी. चिठ्ठी कीबोर्डखाली ठेवून या. टेनिसपटू राफेल नदालला खेळताना पाहिलं असेल तर आठवेल, तो पाण्याच्या दोन बाटल्या खुर्चीपुढे ठरलेल्या जागी, ठरलेल्या कोनात ठेवायचा. प्रत्येक सामन्यात, प्रत्येक वेळी. लोक त्याला खूळ म्हणायचे. मी मुलींना सांगायचे की नीट बघा, सामना सुरू व्हायच्या आधीच हातांना काय करायचं ते माहीत असलं की डोक्याला घाबरायला तेवढी कमी जागा उरते. रविवारी संध्याकाळी पाचला तुमच्या पोटात जो गोळा येतो, त्यात बराचसा भाग न ठरवलेल्या गोष्टींचा असणार. उद्या काय काय निघेल कुणास ठाऊक, हा तो गोळा. चिठ्ठी लिहिलेली असली की निदान पहिला चेंडू कुठे पडणार ते ठाऊक असतं.

अंग तापवण्याबद्दल थोडं. कुठलाही खेळाडू थंड अंगाने मैदानात उतरत नाही. हळूहळू हालचाल वाढवली की स्नायूंकडे रक्त जास्त जातं, सांधे सैल होतात, श्वास लयीत येतो आणि त्यामागोमाग मनही जागं होतं. तुम्ही मात्र गादीवरून उठून, अंघोळ करून, स्कूटरवर बसून थेट मीटिंगच्या खुर्चीत बसता. सकाळपासून अंग एकदाही तापलेलं नाही आणि त्या थंड अंगाकडून तुम्ही धावपळ मागता. पहाटे पाचचा नेम सोडून द्या, तो तुमच्या घराला झेपणारा नाही. वीस मिनिटं पुरतात. गच्चीवर सहा-आठ सूर्यनमस्कार, सावकाश, घाम येईपर्यंत. नाहीतर सोसायटीभोवती भरभर चालणं. उन्हात करा, सकाळचा प्रकाश डोळ्यांना लागू द्या. शरीराचं घड्याळ त्याने लागतं.

घड्याळाचा विषय निघालाच आहे तर तुमच्या रविवारबद्दल बोलते. तुम्ही लिहिलं नाही, पण अंदाज करते. शनिवारी रात्री सामना किंवा सिनेमा, झोपायला दीड. रविवारी उठायला दहा, मग फाफडा-जिलेबी, दुपारी भरपेट जेवण आणि दोन तास झोप. रात्री अकराला अंथरुणावर पडलात तर डोळा कसा लागेल? दहाला उठलेल्या आणि दुपारी झोपलेल्या शरीराच्या लेखी अकराला रात्र झालेलीच नसते. तुम्ही कूस बदलत राहता, त्यात उद्याचे विचार, आणि सोमवारी सहाचा गजर म्हणजे शरीराला मध्यरात्री उठवल्यासारखं. ते जडपण आळसाचं नाही, झोपेचं आहे. रविवारी नेहमीपेक्षा फार तर तासभर उशिरा उठा. दुपारी झोपायचंच असेल तर अर्धा तास. सामने बघा, जरूर बघा, मीही बघते. फक्त रविवारी रात्रीचा सामना शेवटपर्यंत बघायचा की नाही हे सामना सुरू व्हायच्या आधी ठरवा. शेवटच्या पाच षटकांत ते कुणालाच ठरवता येत नाही.

आता मीटिंग. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट ती आहे. सामना सुरू व्हायच्या आधी संघ गोल करून उभा राहतो तेव्हा कुठलाही शहाणा प्रशिक्षक गेल्या सामन्यातल्या चुका वाचून दाखवत नाही. चुका बघायच्या असतातच, आम्हीही बघायचो. पण सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, बसून, एकेकीशी बोलून. आमच्या संघात एक मुलगी पकड चुकवायची. सरांनी तिला ते कधी सामन्याच्या तोंडावर सांगितलं नाही. मंगळवारी सरावाला थांबवून तिचा हात कुठे सैल पडतो ते दाखवलं. तुमच्या साहेबांना खेळाची आवड आहे ना, मग हे त्यांना खेळाच्याच भाषेत सांगता येईल. एकटे भेटा आणि सुचवा की चुकांचं वाचन शनिवारी दुपारी करू या, सोमवारी फक्त या आठवड्याच्या गाड्या बघू या. ते लगेच ऐकतील असं नाही. नाही ऐकलं तर मीटिंगमध्ये पहिलं बोलणं तुमचं असू द्या. पावणेनऊला माल बघून आलेले असाल, तर "पहिली गाडी तयार आहे, साहेब" हे वाक्य तुमच्या खिशात असेल. चुका त्यानंतरही वाचल्या जातील, पण तेव्हा तुमच्या अंगठ्याला चुना लागलेला असेल.

मेलचं मात्र कडक सांगते. नव्या चेंडूवर ऑफस्टंपबाहेरचा प्रत्येक चेंडू खेळायला जाणारा फलंदाज फार वेळ टिकत नाही. सोमवारी सकाळी आलेल्या मेलपैकी पुष्कळसे ऑफस्टंपबाहेरचे असतात. दिसायला मोहक, खेळायची गरज नाही. साडेदहापर्यंत ट्रान्सपोर्टवाल्यांचे आणि ग्राहकांचे फोन तेवढे घ्या, बाकी सोडा. सोडणं हाही फटकाच आहे, सुनील गावसकरांचा खेळ पाहिलेल्या कुणालाही विचारा.

एखाद्या सोमवारी चढाई रिकामी जाईल. माल आलेला नसेल, मुकादम रजेवर असेल, घरून निघतानाच भांडण झालं असेल. जाऊ द्या. आजच्या नियमात तर दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत गुण आणावाच लागतो. म्हणजे खेळानेच धरलेलं आहे की माणूस दोनदा रिकामा येणार. तुम्ही स्वतःला तेवढी मुभा द्या. हुतूतूचे नियम लिहून पक्के करण्यात १९२० च्या दशकात ज्या हिंदविजय जिमखान्याने पुढाकार घेतला तो आपल्याच गावचा. आपण बडोदेकरांनी तरी रिकाम्या चढाईला नावं ठेवू नयेत.

एक गोष्ट मला विचारलीच पाहिजे. हा गोळा फक्त रविवार-सोमवारपुरता आहे ना? मंगळवारी दुपारी गाडी रुळावर येते असं तुम्ही लिहिलंत म्हणून वरचं सगळं लिहिलं. पण जर आठवडाभर असं वाटत असेल, दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप आणि भूक बिघडली असेल, सामन्यातही मन रमत नसेल, तर सूर्यनमस्कारांवर भागवू नका. डॉक्टरांकडे जा, रक्त तपासून घ्या. थायरॉइड किंवा साखरेचा त्रासही असा गळाठा आणतो. मनाच्या डॉक्टरांकडे जायचा संकोच वाटत असेल तर सरकारची टेली-मानस ही मदतवाहिनी आहे, १४४१६, फुकट आहे, घरबसल्या बोलता येतं. गुडघा दुखावलेल्या मुलीला मी कधी पट्टी बांधून खेळवलं नाही. मनाला वेगळा न्याय कशाला?

आता तुमची मुलगी. नऊ वर्षांची आहे, म्हणजे रविवारी संध्याकाळी पाचला तिच्याही पोटात थोडा गोळा येत असणार. सोमवारची शाळा, राहिलेला गृहपाठ, आणि वर बाबांचा चेहरा. आधी तिला खरं सांगा. "मी तुझ्यावर रागावत नाही, मला उद्याच्या कामाची धास्ती वाटते," असं सांगा. मुलांना हे कळतं, आपल्याला वाटतं त्याहून नीट कळतं. मग येत्या रविवारी पाच वाजता, गोळा यायच्या वेळी, तिला घेऊन खाली उतरा. कामाठीबागेत जायचं तर जा, नाहीतर सोसायटीच्या मोकळ्या जागेतच. खडूने दोन रेघा ओढा, मधली आणि पलीकडची. मधल्या रेघेपासून तिची चार पावलं मोजा, तिथे निदान रेषा. आधी चढाई तिला करू द्या. तुम्ही पलीकडे पकडायला उभे राहा, आणि पहिल्या चढाईला तिला पकडू नका.